अवक्षेपण अभिक्रियेचं आयनिक समीकरण: सुरुवात नेमकी कुठून करायची?

परीक्षानळी (जळगाव)

दहावी ते बारावीला रसायन शिकवणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी हा धागा. आपल्याकडे आयनिक समीकरण तीन पायऱ्यांत शिकवलं जातं: आधी रेणूंचं संतुलित समीकरण, मग सगळे आयन सुटे, मग दोन्ही बाजूंना सारखं दिसेल ते खोडायचं. मुलं ते पाठ करतात आणि उत्तर बरोबर येतं. पण चंचुपात्रात काय झालं हे विचारलं तर गप्प होतात. माझं मत असं की क्रम उलटा हवा. दोन द्रावणं ओतण्याआधी प्रत्येकात कोणते आयन मोकळे आहेत ते लिहा. ओतल्यावर चार आयन एकत्र आले. आता नव्या दोनच जोड्या शक्य आहेत. त्यातली कोणती जोडी पाण्यात टिकत नाही ते पाहा आणि तेवढंच समीकरण लिहा. बाकीचे दोन आधी होते तसेच आहेत.

उदाहरणार्थ सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड. नव्या जोड्या दोन: सोडियम नायट्रेट आणि सिल्व्हर क्लोराइड. पहिली विरघळलेली राहते, दुसरी नाही. म्हणून:

सिल्व्हर(१+) + क्लोराइड(१−) → सिल्व्हर क्लोराइड ↓

मोबाइलवर चिन्हांच्या खालचे-वरचे आकडे बिघडतात, म्हणून इथे आयनांची नावं आणि कंसात प्रभार लिहू या. ↓ म्हणजे स्थायू अवक्षेप, पाण्यात न विरघळता खाली बसणारा. बाण नसलेलं सगळं द्रावणात. वहीत मात्र नेहमीची चिन्हं आणि अवस्था लिहायच्याच.

तुम्ही कोणत्या क्रमाने शिकवता? आणि मुलं नक्की कुठे अडतात?

बुरेट_धुळे

सर, क्रम उलटा करण्याला माझा विरोध आहे. रेणूंचं समीकरण आधी संतुलित केलं नाही तर सहगुणक चुकतात. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड द्या, निम्मी मुलं लेड(२+) + आयोडाइड(१−) लिहून मोकळी होतात. रेणूसमीकरणात पोटॅशियम आयोडाइडपुढे २ आला की तो २ आयोडाइडपुढे आपोआप येतो.

परीक्षानळी (जळगाव)

@बुरेट_धुळे, तो २ रेणूसमीकरणातून येत नाही, प्रभारातून येतो. लेडवर २+ आहे, आयोडाइडवर १−, अवक्षेपावर एकूण प्रभार शून्य हवा. म्हणून लेड(२+) + २ आयोडाइड(१−) → लेड आयोडाइड ↓. मुलाला प्रभाराचा हिशेब करायची सवय लागली की फेरिक क्लोराइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडही जमतं: आयर्न(३+) + ३ हायड्रॉक्साइड(१−) → फेरिक हायड्रॉक्साइड ↓. इथे सोडियम क्लोराइडचं नावही काढावं लागत नाही.

अमळनेरी

तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त वेळ वेगळी आहे. विचार करताना आयन आधी. उत्तरपत्रिकेत तीन पायऱ्या मागितल्या असतील तर तीनही लिहा, कारण गुण पायऱ्यांना असतात. शेवटी दोन तपासण्या न चुकता करायच्या: दोन्ही बाजूंना अणू सारखे, आणि दोन्ही बाजूंचा एकूण प्रभार सारखा. दुसरी तपासणी फार कमी जण करतात आणि चुकीचं समीकरण तिथेच पकडलं जातं.

अकरावी_विज्ञान

सर, मला एक कळत नाही. काय सुटं करायचं आणि काय अख्खं ठेवायचं हे कसं ठरवायचं? कॅल्शियम कार्बोनेटसुद्धा आयनांचंच बनलेलं आहे ना? मग ते का फोडायचं नाही?

बुरेट_धुळे

@अकरावी_विज्ञान, प्रश्न छान आहे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये आयन आहेतच, पण ते स्फटिकात एकमेकांना धरून बसलेले असतात, पाण्यात मोकळे फिरत नाहीत. आयनिक समीकरणात सुटं तेच लिहायचं जे द्रावणात खरोखर सुटं आहे. त्यासाठी दोन गोष्टी बघ.

पहिली, पदार्थ विरघळलेला आहे का. सगळे नायट्रेट आणि अ‍ॅसिटेट विरघळतात (सिल्व्हर अ‍ॅसिटेट जरा कमी). सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे जवळपास सगळे क्षार विरघळतात. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड विरघळतात, पण सिल्व्हर, लेड आणि मर्क्युरस सोडून. सल्फेट विरघळतात, पण बेरियम, स्ट्रॉन्शियम, लेड सोडून; कॅल्शियम सल्फेट मधल्या पायरीवर. कार्बोनेट, फॉस्फेट आणि बहुतेक हायड्रॉक्साइड विरघळत नाहीत; सोडियम, पोटॅशियम, अमोनियमची कार्बोनेट-फॉस्फेट विरघळतात. हायड्रॉक्साइडमध्ये सोडियम, पोटॅशियम, बेरियमचं चालतं, कॅल्शियमचं थोडं.

दुसरी, विरघळलेला असला तरी त्याचं आयनीभवन पूर्ण होतं का. अ‍ॅसेटिक आम्ल, अमोनियाचं द्रावण, हायड्रोजन सल्फाइड हे पाण्यात असतात, पण बहुतांश रेणूंच्याच रूपात. म्हणून तेही अख्खेच लिहायचे. पाणी स्वतः आणि वायू अर्थातच अख्खे.

तापीकाठ

दुसरा नियम इथेच वापरून दाखवतो, कारण बारावीच्या क्षार-परीक्षणात तो लागतो. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात अमोनियाचं द्रावण टाकलं. मुलं सरळ मॅग्नेशियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) लिहितात. पण अमोनियाच्या बाटलीत मोकळा हायड्रॉक्साइड फार थोडा असतो. जास्त खरं समीकरण असं:

मॅग्नेशियम(२+) + २ अमोनिया + २ पाणी → मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ↓ + २ अमोनियम(१+)

प्रभार डावीकडे २+, उजवीकडे २+. आता यात आधीच अमोनियम क्लोराइड भरपूर टाकलं असेल तर उजवीकडचा अमोनियम वाढतो, अभिक्रिया मागे ढकलली जाते आणि मॅग्नेशियमचा अवक्षेप येतच नाही. क्षार-परीक्षणात धन आयन गटागटाने वेगळे करतात; तिसऱ्या गटाला अमोनियम क्लोराइड आधी आणि अमोनियम हायड्रॉक्साइड (म्हणजे अमोनियाचंच द्रावण) नंतर टाकायचं कारण हेच. आयर्न(३+) आणि अ‍ॅल्युमिनियम(३+) यांना अगदी थोडा हायड्रॉक्साइड पुरतो, ते खाली बसतात. मॅग्नेशियम वर राहतो आणि शेवटच्या गटात सापडतो. क्रम उलटा झाला की गट मिसळतात.

भरीतपार्टी

म्हणजे सिल्व्हर आणि क्लोराइड नवरा-नवरी, सोडियम आणि नायट्रेट वऱ्हाडी. वऱ्हाडी जेवून परत, लग्न दोघांचंच. मस्त शे भाऊ हाई धागा!

परीक्षानळी (जळगाव)

@भरीतपार्टी, उदाहरण वर्गात चालेल. पण प्रेक्षक आयन (अभिक्रियेत भाग न घेणारे, तुमचे वऱ्हाडी) परत जात नाहीत, ते द्रावणातच राहतात. हे प्रयोगाने दाखवता येतं आणि दाखवावंच.

कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) १.४७ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, निर्जल सोडियम कार्बोनेट १.०६ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये. दोन्ही ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) झाली. प्रत्येकी ५ मिलिलिटर एका परीक्षानळीत मिसळा. पांढरा अवक्षेप साधारण ५० मिलिग्रॅम येतो. गाळून घ्या. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाका, बुडबुडे आले तर थांबू द्या, मग सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढरा अवक्षेप आला म्हणजे क्लोराइड अजून तिथेच आहे. त्याच पाण्याचा थेंब तारेवर घेऊन ज्योतीत धरला तर पिवळी ज्योत, म्हणजे सोडियमही तिथेच. मग समीकरणातून ते दोघं का वगळले हे वेगळं सांगावं लागत नाही.

मोलमापन

वरच्या प्रयोगात एक सावधगिरी. नायट्रिक आम्ल वगळलं तर उरलेला कार्बोनेट सिल्व्हर कार्बोनेटचा अवक्षेप देईल आणि तो क्लोराइड समजला जाईल. आणि नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक टाकलं तर आपणच क्लोराइड घातला. बेरियम क्लोराइडने सल्फेट ओळखताना मात्र विरल हायड्रोक्लोरिक चालतं, तिथे सल्फ्युरिक नको. ज्या आयनाची परीक्षा घ्यायची तो आम्लातून येता कामा नये, एवढं लक्षात ठेवलं की कोणतं आम्ल वापरायचं ते पाठ करावं लागत नाही.

आणि पाणी डिस्टिल्डच घ्या. आपल्या भागातल्या नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट नुसतं टाकलं तरी ते दुधाळ होतं. शाळेत डिस्टिल्ड वॉटर संपलं असेल तर बॅटरीत घालायचं पाणी आणा, पण आधी त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघा.

ठिबक_रावेर

शाळेचा धागा आहे हे माहीत आहे, पण आमच्या केळीच्या बागांत हेच रसायन रोज चालतं म्हणून विचारतो. २०० लिटरच्या ड्रममध्ये ५ किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो ०:०:५० एकत्र केलं की खाली पांढरा गाळ बसतो आणि व्हेंच्युरी (ठिबकमध्ये खत ओढणारी), फिल्टर सगळं जाम होतं. दुकानदार म्हणतो खत नकली. गाळ नक्की कशाचा, आणि खत वाया गेलं का?

मोलमापन

@ठिबक_रावेर, खत नकली असण्याची गरजच नाही, चांगल्या खतातही हेच होईल. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. ड्रममध्ये आयन चार: कॅल्शियम, नायट्रेट, पोटॅशियम, सल्फेट (बाजारातल्या कॅल्शियम नायट्रेटमध्ये थोडा अमोनियमही असतो). नव्या जोड्या दोन: पोटॅशियम नायट्रेट विरघळलेलं राहतं, कॅल्शियम सल्फेट राहत नाही.

कॅल्शियम(२+) + सल्फेट(२−) + २ पाणी → जिप्सम ↓

आता हिशेब. खताच्या पिशवीवर कॅल्शियम साधारण १८.८ टक्के लिहिलेलं असतं. ५ किलोत ९४० ग्रॅम, म्हणजे सुमारे २३.५ मोल. २०० लिटरमध्ये लिटरला ०.११७ मोल. ०:०:५० मध्ये पोटॅशियम सल्फेट साधारण ९२ टक्के धरा, सल्फेट सुमारे २६.५ मोल, लिटरला ०.१३३. दोन्हींचा गुणाकार ०.०१५६. जिप्समचा विद्राव्यता गुणाकार (ज्याच्या वर हा गुणाकार गेला की गाळ बसतो ती मर्यादा) सुमारे ३ × १०⁻⁵, म्हणजे मर्यादेच्या पाचशेपट. एवढ्या घट्ट द्रावणात इतर आयनांमुळे मर्यादा बरीच वर सरकते, तरीही गाळ टळत नाही. सगळा कॅल्शियम खाली बसला असता तर ४ किलो जिप्सम झालं असतं. थोडं विरघळलेलं राहतं, म्हणून तीन-साडेतीन किलो धरा.

वाया काय गेलं ते समीकरणच सांगतं. समीकरणात जे आयन आले, ते ड्रमच्या तळाशी: कॅल्शियम आणि सल्फेट. जे आले नाहीत ते पाण्यात शाबूत: पोटॅश आणि नायट्रेट नत्र. झाडाला पोटॅश मिळालं, नत्र मिळालं, कॅल्शियम आणि गंधक बहुतांश मिळालं नाही.

परीक्षानळी (जळगाव)

@मोलमापन, हे उत्तर मी फळ्यावर लिहिणार. प्रेक्षक आयन बिनमहत्त्वाचे असतात असा मुलांचा समज होतो. इथे तर बाग ज्यांच्यावर जगते तेच प्रेक्षक आहेत.

ठिबक_रावेर

समजलं. मग एक दिवस कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्या दिवशी ०:०:५० असं सोडलं तर नळीत जिप्सम होणार नाही का? शेवटी दोन्ही त्याच लॅटरलमधून (ठिबकच्या नळीतून) जातात.

मोलमापन

नाही होत, कारण नळीत ते पातळ झालेलं असतं. ड्रममधलं द्रावण मुख्य पाण्यात १०० पट पातळ झालं असं धरा. कॅल्शियम ०.००११७, सल्फेट ०.००१३३, गुणाकार सुमारे १.६ × १०⁻⁶. मर्यादा ३ × १०⁻⁵, म्हणजे वीसपट खाली आहोत. दोन्ही एकाच वेळी दोन वेगळ्या टाक्यांतून सोडले तरी नळीत जिप्सम बसणार नाही, पाण्यात आधीच सल्फेट-कॅल्शियम फार नसेल तर. दोष खतांच्या जोडीचा नाही, घट्ट द्रावणात एकत्र करण्याचा आहे. म्हणूनच कॅल्शियमची टाकी वेगळी ठेवतात. दुसऱ्या टाकीत सल्फेट आणि फॉस्फेट.

फॉस्फेटला मात्र ही सवलत धरू नका. कॅल्शियम फॉस्फेट फार कमी विरघळतं आणि पाणी अल्कधर्मी असेल तर पातळ द्रावणातही गढूळपणा येतो.

तापीकाठ

फॉस्फेटचं समीकरण सगळे चुकवतात, ते इथेच लिहून ठेवतो. १२:६१:० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट. त्यात फॉस्फेट(३−) मोकळा नसतो, डायहायड्रोजन फॉस्फेट(१−) असतो. त्यामुळे ‘३ कॅल्शियम(२+) + २ फॉस्फेट(३−)’ हे पुस्तकी समीकरण ड्रमचं वर्णन करत नाही. तिथे असं होतं:

कॅल्शियम(२+) + डायहायड्रोजन फॉस्फेट(१−) + २ पाणी → दोन पाण्याचं डायकॅल्शियम फॉस्फेट ↓ + हायड्रोजन(१+)

हायड्रोजन आयन सुटतो, द्रावण आम्लधर्मी होतं आणि अभिक्रिया अडते. त्यामुळे डिस्टिल्ड पाण्यात पातळ मिश्रण कधी कधी स्वच्छ दिसतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतो, तो हा हायड्रोजन खाऊन टाकतो:

कॅल्शियम(२+) + डायहायड्रोजन फॉस्फेट(१−) + बायकार्बोनेट(१−) + पाणी → दोन पाण्याचं डायकॅल्शियम फॉस्फेट ↓ + कार्बन डायऑक्साइड

प्रभार डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. अडथळा निघाला, गाळ बसत राहिला. म्हणून मिश्रणाची चाचणी घ्यायची तर आपल्याच विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात घ्यायची. काचेच्या बाटलीत १ लिटर पाणी, ड्रमच्या प्रमाणात खत (२०० लिटरला ५ किलो म्हणजे लिटरला २५ ग्रॅम), एक खत पूर्ण विरघळल्यावर दुसरं, आणि दोन तास उन्हात नव्हे, सावलीत ठेवून बघायचं. लगेच स्वच्छ दिसलं म्हणून निघून जायचं नाही, जिप्समला बसायला वेळ लागतो.

शहादा_पपई

आमच्याकडे ड्रममध्ये काही मिसळत नाही, नुसतं पाणीच सोडतो, तरी ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर. उन्हाळ्यात जास्त. हा पण अवक्षेपच का?

बुरेट_धुळे

@शहादा_पपई, हो, कॅल्शियम कार्बोनेट. खोल बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्याच्या आधारावर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात राहतो. पाणी वर आलं, उघड्यावर पडलं, वैशाखात काळी लॅटरल तापली, की वायू निघून जातो:

कॅल्शियम(२+) + २ बायकार्बोनेट(१−) → कॅल्शियम कार्बोनेट ↓ + पाणी + कार्बन डायऑक्साइड

चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर आधी दुधाळ, आणि फुंकत राहिलं की परत स्वच्छ, हा दहावीचा प्रयोग आठवा. परत स्वच्छ होतं ते याच समीकरणाच्या उलट दिशेने. ड्रिपर बंद पडतो तो सुलट दिशेने.

अमळनेरी

थर कशाचा आहे ते कळल्याशिवाय आम्ल सोडू नका, कारण प्रत्येक गाळ आम्लात जात नाही. ड्रिपर कापा, थर खरवडून काचेच्या वाटीत घ्या, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिकचे थेंब टाका (बाजारातलं आम्ल १ भाग, पाणी १० भाग, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, चष्मा आणि हातमोजे घालून).

फेस येऊन विरघळला तर कार्बोनेट. कार्बोनेटला हायड्रोजन आयन मिळाला की कार्बन डायऑक्साइड होऊन तो निघून जातो: कॅल्शियम कार्बोनेट ↓ + २ हायड्रोजन(१+) → कॅल्शियम(२+) + पाणी + कार्बन डायऑक्साइड. फेस न येता हळूहळू विरघळला तर बहुधा फॉस्फेट. फेसही नाही आणि विरघळतही नाही, तर जिप्सम किंवा साधी माती. सल्फेट हा प्रबळ आम्लाचा आयन आहे, हायड्रोजनला तो फारसा धरत नाही, म्हणून आम्लाने जिप्समचं विशेष काही बिघडत नाही. तपकिरी थर असेल तर लोह: पाण्यातला आयर्न(२+) हवेने आयर्न(३+) होऊन हायड्रॉक्साइड बसतो. बुळबुळीत असेल तर तो जिवाणूंचा, त्याचा उपाय वेगळा.

कार्बोनेटचा जाड थर घट्ट सल्फ्युरिकने काढायला गेलात तर एक गाळ जाऊन दुसरा येतो:

कॅल्शियम कार्बोनेट ↓ + २ हायड्रोजन(१+) + सल्फेट(२−) + पाणी → जिप्सम ↓ + कार्बन डायऑक्साइड

आणि हा दुसरा आम्लात जात नाही.

अकरावी_विज्ञान

वरच्या समीकरणात सल्फेट प्रेक्षक नाही आणि आधीच्या समीकरणात क्लोराइड प्रेक्षक आहे. म्हणजे तोच दगड, आम्ल बदललं की समीकरण बदललं. बरोबर ना?

अमळनेरी

अगदी बरोबर. प्रेक्षक असणं हा आयनाचा स्वभाव नाही, ती त्या-त्या मिश्रणातली भूमिका आहे. पोटॅशियम आणि नायट्रेट अवक्षेपणात जवळपास नेहमी प्रेक्षक असतात, सल्फेटचं तसं नाही.

शहादा_पपई

मग बुरशीसाठी फवारतो त्या बोर्डो मिश्रणाचं काय? मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. तेही निळा अवक्षेपच ना?

तापीकाठ

हो, आणि पुस्तकातल्यापेक्षा थोडं गुंतागुंतीचं. १ टक्का मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या ५० लिटरमध्ये, चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये, मग एकत्र. सोपं करून लिहिलं तर कॉपर(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) → कॉपर हायड्रॉक्साइड ↓. प्रत्यक्षात अवक्षेपात सल्फेटही अडकतो, बेसिक कॉपर सल्फेट बनतं, शिवाय जिप्समही बसतं. इथे चुना विरघळलेला नसून बहुतांश निवळीत तरंगणारा स्थायू आहे, म्हणून काटेकोर आयनिक समीकरणात तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणून अख्खाच लिहावा लागेल.

मोकळा कॉपर(२+) उरला तर पानं जळतात. तपासायला घासलेलं लोखंडी खिळं किंवा विळा मिश्रणात बुडवा. तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे: लोह + कॉपर(२+) → आयर्न(२+) + तांबं. अजून चुन्याची निवळी घाला, थर चढणं बंद होईपर्यंत. याच कारणाने लोखंडी बादली वापरायची नाही, प्लास्टिकचीच घ्या. आणि मिश्रण त्याच दिवशी फवारा. ठेवलं की अवक्षेपाचे कण मोठे होतात आणि पानाला धरत नाहीत.

बुरेट_धुळे

मोरचुदात चुन्याऐवजी धुण्याचा सोडा टाकून ‘कॉपर कार्बोनेट’ लिहिणारी मुलंही असतात. तिथेही हिरवट-निळा अवक्षेप बेसिक कार्बोनेटचा असतो आणि थोडे बुडबुडे येतात. फेरिक क्लोराइडमध्ये सोडा टाकला तर कार्बोनेट बनतच नाही:

२ आयर्न(३+) + ३ कार्बोनेट(२−) + ३ पाणी → २ फेरिक हायड्रॉक्साइड ↓ + ३ कार्बन डायऑक्साइड

३+ प्रभाराचा लहान धन आयन दिसला आणि समोर कार्बोनेट असला की हे आधी आठवायचं. अ‍ॅल्युमिनियमचंही असंच. नुसती जोड्यांची अदलाबदल करून लिहिणाऱ्याचं उत्तर इथे चुकतं, आणि सुरुवातीचा माझा आक्षेप मी इथे थोडा मागे घेतो: रेणूसमीकरणापासून सुरुवात केली की हीच अदलाबदल डोक्यात बसते.

मोलमापन

अजून एक जागा जिथे ‘दोन खोडा, दोन ठेवा’ चालत नाही. बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये मॅग्नेशियम सल्फेट टाका:

बेरियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) + मॅग्नेशियम(२+) + सल्फेट(२−) → बेरियम सल्फेट ↓ + मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ↓

दोन्ही जोड्या खाली बसल्या, प्रेक्षक एकही नाही. त्याच बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंबाथेंबाने विरल सल्फ्युरिक आम्ल टाकताना मंडलात बल्ब जोडला तर तो मंद होत जातो, बरोबर प्रमाणाला जवळपास विझतो आणि आम्ल जास्त झालं की पुन्हा उजळतो. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत, हे प्रात्यक्षिक शिक्षकांनीच करावं.

लेड आयोडाइडचा पिवळा रंग, गरम पाण्यात विरघळून थंड होताना चमकणारे सोनेरी स्फटिक, हे सगळं सुंदर आहे. पण लेड आणि क्रोमेटचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. रोजच्या सरावाला कॅल्शियम कार्बोनेट आणि कॉपर हायड्रॉक्साइड पुरतात.

अकरावी_विज्ञान

सर, बेरियम सल्फेट आणि पोटॅशियम क्रोमेटचं आयनिक समीकरण कसं लिहायचं? बेरियम सल्फेट फोडायचं का?

तापीकाठ

नाही फोडायचं. बेरियम सल्फेट सुरुवातीलाच न विरघळलेली पूड आहे, म्हणून डावीकडेही अख्खं:

बेरियम सल्फेट ↓ + क्रोमेट(२−) ⇌ बेरियम क्रोमेट ↓ + सल्फेट(२−)

प्रेक्षक फक्त पोटॅशियम. बाण दुहेरी आहे तो मुद्दाम. दोन्हींचे विद्राव्यता गुणाकार जवळजवळ सारखे आहेत: सल्फेटचा १.१ × १०⁻¹⁰, क्रोमेटचा १.२ × १०⁻¹⁰. म्हणजे समतोल स्थिरांक ०.९ च्या आसपास, अभिक्रिया अर्ध्यावर अडते, आणि स्थायूकडून स्थायूकडे असल्याने मंदही. स्वच्छ पिवळा अवक्षेप दाखवायचा असेल तर बेरियम क्लोराइडचं द्रावण घ्या: बेरियम(२+) + क्रोमेट(२−) → बेरियम क्रोमेट ↓.

अकरावी_विज्ञान

शेवटचं. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट दिलं तर समीकरण लिहायचं की ‘अभिक्रिया नाही’ लिहायचं? दोन गाइडांत दोन उत्तरं आहेत.

परीक्षानळी (जळगाव)

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण प्रश्नात संहती दिलेली नाही. दोन्ही ०.१ मोलर, समान आकारमानाने मिसळली तर प्रत्येकाची ०.०५ होते, गुणाकार २.५ × १०⁻³. मर्यादा ३ × १०⁻⁵, गाळ येणार. दोन्ही ०.०१ मोलर असतील तर मिसळल्यावर ०.००५, गुणाकार २.५ × १०⁻⁵, मर्यादेच्या जरा खाली, द्रावण स्वच्छ राहणार. परीक्षेत संहती दिली नसेल तर ‘कॅल्शियम सल्फेट अल्पविद्राव्य आहे, द्रावणं संहत असल्यास’ एवढं लिहून खाली समीकरण लिही: कॅल्शियम(२+) + सल्फेट(२−) + २ पाणी → जिप्सम ↓. दहावीला नुसतं कॅल्शियम सल्फेट ↓ लिहिलं तरी चालतं.

प्रयोगशाळेत करून बघणार असशील तर मिसळल्याबरोबर काही दिसलं नाही म्हणून ओतून देऊ नकोस. काचेच्या कांडीने नळीच्या आतल्या बाजूला घास आणि दहा मिनिटं थांब. घासलेल्या जागी आधी सुया दिसतील.